केस स्टडीला मला ५० पैकी २७, मैत्रिणीला ४१: तक्रार करू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहेस. मेडिकल वॉर्डच्या पोस्टिंगमधल्या केस स्टडीला, म्हणजे एका पेशंटचा अभ्यास करून लिहायच्या फाइलीला, तुला ५० पैकी २७ मिळाले, रूममेटला ४१. पेशंट जवळजवळ सारखे, हॉस्टेलवर एकाच टेबलाशी बसून दोघींनी लिहिलेलं, फक्त तपासणाऱ्या मॅडम वेगळ्या. त्यात तापामुळे तुझी फाइल दोन दिवस उशिरा गेली म्हणून ५ गुण कापले गेले. दुसऱ्या ग्रुपच्या मॅडम मात्र आठवड्याने आलेली फाइलही काही न बोलता ठेवून घेतात. प्रिन्सिपल मॅडमकडे तक्रार करू का, आणि दर पोस्टिंगला फाइल मागे पडते त्याचं काय करू, असं तू विचारलं आहेस.

मी आधी ७ वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, मग मिरजेत आणि सांगलीत २२ वर्षं ट्यूटर. म्हणून आधी हे सांगते की तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. उशिराचे ५ गुण वगळले तरी दोन सारख्या फाइलींत ९ गुणांचा फरक केवळ तपासणाऱ्यामुळे पडू शकतो. माझ्या स्वतःच्या हातून असं झालंय. एका वर्षी गठ्ठ्यांच्या अदलाबदलीत एका मुलीची फाइल माझ्याकडे दोनदा आली. गुण मी वेगळ्या यादीत लिहायचे, फाइलीवर खूण नव्हती. पहिल्यांदा मी ३६ दिले आणि दहा दिवसांनी त्याच फाइलीला २९. पहिल्या वेळी ती सकाळी, गठ्ठ्याच्या सुरुवातीला हातात आली होती. दुसऱ्या वेळी रात्री, पन्नासेक फाइलींनंतर. मुलीने तर एकदाच लिहिलं होतं. त्या दोन याद्या शेजारी ठेवून मी बराच वेळ बसून होते. त्यानंतर निकषांचा तक्ता उघडा ठेवल्याशिवाय मी एकही फाइल तपासली नाही.

हे दुखणं जुनं आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तर एकाच पेपरला कुणी ६४ दिले, कुणी ९८. वैद्यकीय शिक्षणात प्रॅक्टिकलबद्दल हीच ओरड असायची: एकाला सोपा पेशंट, दुसऱ्याला अवघड, तिसऱ्याचे परीक्षक कडक. त्यावर स्कॉटलंडमध्ये डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ऑस्की (OSCE) ही प्रॅक्टिकल परीक्षेची पद्धत मांडली. घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर पळायचं, ज्या परीक्षेची तुम्हा मुलींना धडकी भरते, ती मुळात ह्याच अन्यायावरचा इलाज म्हणून आली. सगळ्यांना तेच स्टेशन, तेवढाच वेळ, तीच चेकलिस्ट. केस स्टडीच्या बाबतीत मात्र बऱ्याच ठिकाणी चेकलिस्ट कपाटात असते आणि गुण मॅडमच्या अंदाजाने पडतात.

आता थोडं गणित करू, कारण तुझ्या लिहिण्यात भीती फार दिसते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे बी.एस्सी.चे सुधारित नियम २०२१ मध्ये राजपत्रात आले, सेमिस्टर पद्धत त्यातूनच आली. त्यांच्याप्रमाणे थिअरीच्या १०० गुणांत इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजने द्यायचे, २५. त्यातले १५ सेशनल परीक्षांचे (सेमिस्टर चालू असताना कॉलेजात होणाऱ्या) आणि १० कंटिन्युअस असेसमेंटचे, म्हणजे चालू कामाचे. हे १० कसे काढतात पाहा: हजेरी २, दोन लेखी असाइनमेंट १०, सेमिनार किंवा प्रेझेंटेशन १२, ग्रुप प्रोजेक्ट ६, मिळून ३०, आणि त्याला ३ ने भागायचं. म्हणजे एक लेखी असाइनमेंट अख्खी बुडाली तरी १०० मधले पावणेदोन गुणही जात नाहीत. प्रॅक्टिकलच्या बाजूला क्लिनिकल असाइनमेंटचे १० असतात: केस स्टडी ५, क्लिनिकल प्रेझेंटेशन ३, ड्रग प्रेझेंटेशन २. तुमच्या कॉलेजने केस स्टडी ५० पैकी तपासली तरी पुढे ती ५ मध्येच बसते. तुझे २७ म्हणजे २.७, मैत्रिणीचे ४१ म्हणजे ४.१. फरक १.४ गुणांचा, आणि तोही पुढे इतर गुणांत मिसळून लहान होत जातो. (जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या मुलींनी हे गणित स्वतःला लावू नये, त्यांची विभागणी वेगळी आहे.)

फरक लहान आहे म्हणून चूक माफ होत नाही. पण कुठे किती जीव टाकायचा ते यावरून कळतं. त्याच प्रॅक्टिकलच्या हिशेबात वॉर्डातल्या रोजच्या कामगिरीचे १० गुण आहेत, केस स्टडीच्या दुप्पट. आणि हजेरी थिअरी-प्रॅक्टिकलला ८० टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेलाच बसता येत नाही. प्रॅक्टिकलची तर पदवी मिळण्याआधी १०० टक्के भरून द्यावी लागते. तरीही फाइल पूर्ण करायची म्हणून पोटदुखीचं कारण सांगून वॉर्ड बुडवणाऱ्या मुली मी दर वर्षी पाहिल्या. यासारखा तोट्याचा सौदा दुसरा नाही.

तुझी फाइल मी पाहिलेली नाही. पण तिशीच्या आत राहिलेल्या फाइलींत जे दिसतं ते सांगते, म्हणजे मॅडमसमोर बसण्याआधी तू स्वतःच एकदा ताडून पाहशील. सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे नर्सिंग डायग्नोसिसच्या (नर्सने आपल्या काळजीच्या नजरेतून मांडलेल्या पेशंटच्या अडचणीच्या) जागी डॉक्टरांचं डायग्नोसिस, म्हणजे आजाराचं नाव. समज, उसाच्या फडात पायाला लागलेला शेतकरी आलाय, शुगर वाढलेली, टाच चिघळलेली. मुली लिहितात, डायबेटिक फूट. ते केसपेपरवर डॉक्टरांनी आधीच लिहिलंय. तुझं काम इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटीपासून (त्वचा शाबूत नाही इथपासून) सुरू होतं, आणि पुढे कशामुळे व कशावरून हे दोन्ही लागतं: पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना कमी झाल्यामुळे; टाचेवर ४ बाय ३ सेंटिमीटरची जखम, पिवळा स्राव, दुर्गंधी यावरून. मग गोल. 'जखम बरी होईल' हे कोण, कधी, कसं तपासणार? 'पाच दिवसांत स्राव कमी होईल आणि पेशंट स्वतः आरशात तळपाय पाहून दाखवेल' हे तपासता येतं. शेवटी इव्हॅल्युएशनच्या रकान्यात मुली नुसतं 'गोल अचीव्ह्ड' लिहून मोकळ्या होतात. पहिल्या दिवशी वेदना १० पैकी ७ होती, तिसऱ्या दिवशी ३ झाली, असं लिहिलं असतं तर त्या पानाला मी पूर्ण गुण दिले असते.

आणि इंटरव्हेन्शनमधल्या त्या ठरलेल्या ओळी: व्हायटल्स मॉनिटर केले, पेशंटला धीर दिला, आरामदायक पोझिशन दिली. बारा फाइलींत बारा वेळा तेच वाचलं की तपासणारीचा हात आपोआप आखडतो, मग तेराव्या मुलीने खरंच धीर दिलेला असला तरी तिलाही तेवढेच गुण पडतात. दोघींनी एका टेबलावर बसून लिहिलं म्हणतेस, तर या ओळी तुमच्यात किती सारख्या आहेत तेही पाहून ठेव.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींविषयी इथे थांबून बोललं पाहिजे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कितीतरी मुली हिस्ट्री इतकी छान घेतात की बस्स. म्हातारी आजी त्यांना घरातलं सगळं सांगते: गोळ्या अर्ध्याच का घेते, सुनेला न सांगता उपास कसा धरते. ही माहिती केअर प्लॅनसाठी सोन्यासारखी असते. पण कागदावर इंग्रजीत उतरवताना ती गळून जाते आणि पुस्तकातलं लांबलचक वाक्य तिच्या जागी येऊन बसतं. मी माझ्या मुलींना सांगायचे, चार शब्दांचं वाक्य लिहा, व्याकरण चुकलं तरी चालेल, पण आजींचा उपास त्यात आला पाहिजे. रंगीत पेनांनी आखलेल्या चौकटी, चिकटवलेली चित्रं, प्लास्टिकचं कव्हर यांवर गुण देणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. फाइल सुंदर असावी, पण सौंदर्यासाठी तक्त्यात रकाना नसेल तर गुणही नसावेत. तुझ्या रूममेटचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे का? असेल तर १४ मधले काही गुण तिथे गेले असतील, आणि ते योग्य नव्हे.

तर आता जायचं कुणाकडे? पहिल्यांदा तुझ्याच मॅडमकडे. पॅसेजमध्ये गाठून नाही, वॉर्डात पेशंटच्या कॉटपाशी तर नाहीच. आदल्या दिवशी वेळ मागून घे. जाताना तुझी एकटीची फाइल ने. रूममेटची फाइल पुरावा म्हणून नेऊ नकोस, हे अगदी कळकळीने सांगते. मी होते त्या एका कॉलेजात एक मुलगी अशी मैत्रिणीची फाइल घेऊन गेली. हिचे गुण वाढले नाहीतच, मैत्रिणीचे ६ कमी झाले, आणि वर्षभर एका खोलीत राहून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

विचारताना 'मला २७ का?' असं विचारलंस की मॅडमना स्वतःचा बचाव करावासा वाटतो. माणूस आहेत. त्यापेक्षा असं विचार: 'मॅडम, असेसमेंटला किती, डायग्नोसिसला किती, प्लॅनला किती, इव्हॅल्युएशनला किती, आणि यातल्या कशात माझे गुण गेले? पुढच्या केसमध्ये मला ते सुधारायचंय.' तक्ता असेल तर त्या काढून दाखवतील. नसेल तर तुझ्यासमोरच त्यांना तो मनात तयार करावा लागेल, आणि तेवढ्यानेही बरंच सुधारतं. मी असे प्रश्न विचारणाऱ्या मुलींचे गुण तीन-चारदा बदलले आहेत, प्रत्येक वेळी चूक माझी निघाली म्हणून. बेरजेची चूक तर आधी तूच पाहून घे. चाळीसेक फाइलींत एखादी सापडतेच, असा माझा अनुभव आहे.

त्यांनी उडवून लावलं तर पुढची पायरी क्लास कोऑर्डिनेटर, आणि मग व्हाइस प्रिन्सिपल किंवा प्रिन्सिपल. तिथे मात्र अर्ज लेखी द्या, आणि तो पूर्ण वर्गाचा असू दे, सीआरच्या (वर्गप्रतिनिधीच्या) सहीने. अर्जात तुझ्या २७ चा उल्लेख नको. दोन्ही ग्रुपना एकच निकष-तक्ता लावावा, उशिराचा नियम दोन्हीकडे सारखा असावा आणि तो पोस्टिंग सुरू होण्याआधी नोटीस बोर्डवर लागावा, एवढंच मागा. कुठलीही प्रिन्सिपल याला सहज नाही म्हणू शकत नाही, कारण इन्स्पेक्शनला हेच कागद दाखवावे लागतात. वेळ साधणंही महत्त्वाचं. इंटर्नलचे गुण नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले की ते बदलणं जवळपास अशक्य होतं, त्यामुळे गुण दाखवून सही घेतात तो दिवस चुकवू नकोस. न वाचता सही करणाऱ्या मुली नंतर माझ्याकडे रडत यायच्या, तेव्हा माझ्याही हातात काही उरलेलं नसायचं.

'मॅडम प्रॅक्टिकलला डूख धरतील' ही भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणार. असे शिक्षक असतात, नाकारत नाही. म्हणूनच अर्ज वर्गाचा म्हणते. आणि एकटीने गेलीस तरी निकषांबद्दल विचारलेल्या मुलीवर राग धरणारी शिक्षिका माझ्या पाहण्यात फार क्वचित आली. चारचौघांत 'तुम्ही पार्शलिटी करता' म्हणणाऱ्या मुलीवर राग धरणाऱ्या बऱ्याच पाहिल्या.

आता उशिराचे ५ गुण. दिवसाला अमुक गुण कापले जातील असा नियम आधी सांगितलेला होता का? असेल तर ते ५ सोडून दे, भांडण फक्त दोन ग्रुपच्या वेगळ्या नियमांचं ठेव. नियम नंतर सुचलेला असेल तर तोही मुद्दा अर्जात घाल. पण त्याआधी मला एक सांग: ताप आला त्या दिवशी तू मॅडमना कळवलं होतंस, की बरं वाटल्यावर फाइलसोबत कारण नेलंस?

आमच्यातल्या काही जणी म्हणतात, सहा वाजताचं अँटिबायोटिक आठला दिलं तर चालेल का, मग फाइल उशिरा कशी चालेल? ही तुलना मला पटत नाही. फाइल उशिरा आल्याने कुणाचं इन्फेक्शन वाढत नाही. पण वॉर्डातली दुसरी एक सवय इथे खरंच लागू पडते, ती म्हणजे हँडओव्हर. दोन वाजता ड्युटी संपली, तुझ्या हातून एक ड्रेसिंग राहिलं. तर तू येणाऱ्या सिस्टरला सांगून जातेस की सात नंबरचं ड्रेसिंग राहिलंय, या कारणाने. राहिलं यात गुन्हा नाही, न सांगता जाणं वाईट. फाइलीचंही तसंच. उशीर होणार हे कळल्याक्षणी, मुदत संपायच्या आत, चार ओळी पाठव:

'नमस्कार मॅडम. मी तिसरं सेमिस्टर, बी ग्रुप. मला कालपासून ताप आहे, डॉक्टरांचा कागद सोबत पाठवते. केस स्टडीचं असेसमेंट आणि दोन डायग्नोसिस लिहून झाले आहेत, प्लॅन बाकी आहे. उद्याऐवजी गुरुवारी सकाळी फाइल दिली तर चालेल का? नियमाप्रमाणे गुण कापले जाणार असतील तर तेही सांगावं.'

बघ, यात किती झालं, किती राहिलं, कधी देणार, तिन्ही आहे. अशा मेसेजला मी कधी नाही म्हटलेलं आठवत नाही. मुदत उलटून तीन दिवसांनी आलेल्या 'सॉरी मॅम'ला मात्र मी गुण कापले आहेत.

तरी यातही आम्हा शिक्षकांचं चुकतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, वाळवा-पलूसकडचे रस्ते बंद, एसटी बंद. हॉस्टेलच्या मुलींनी मुदत मागितली, मी दिली. नदीकाठच्या गावातली एक मुलगी कॉलेज सुरू झाल्यावर आली, फाइल दिली नाही, कारणही सांगितलं नाही. मी तिला शून्य दिलं. महिन्याने तिच्या मैत्रिणीकडून कळलं की घरात छातीभर पाणी होतं, सगळी पुस्तकं गेली, आणि 'सगळ्यांचंच गेलंय, आपलं काय सांगायचं' म्हणून ती गप्प राहिली. गुण दुरुस्त केले, पण तिच्यासमोर मान वर करायला मला वेळ लागला. तेव्हापासून संकट सगळ्या गावावर आलं की मी मुदत सगळ्या वर्गाला वाढवून देत आले, कुणी मागो न मागो. तू गप्प राहणाऱ्यांपैकी असशील तर तुझ्यासाठी हे सांगतेय. तुझ्या मॅडमना तुझ्या घरचं, तुझ्या तब्येतीचं आपोआप कळत नाही.

राहिलं ते फाइल दर वेळी मागे पडण्याचं. बहुतेक मुलींची फाइल हॉस्टेलवर मागे पडत नाही, ती पोस्टिंगच्या पहिल्या दोन दिवसांत मागे पडते. पेशंट निवडायलाच चार दिवस घालवतात, निवडला की त्याचा डिस्चार्ज होतो. मग शेवटच्या रात्री फाइल उघडतात तेव्हा पेशंट घरी गेलेला असतो आणि रकाने रिकामे असतात. इथून पुढचा रस्ता फार वाईट. सीनियरची जुनी फाइल निघते, आणि न घेतलेलं टेंपरेचर, न मोजलेलं युरिन आउटपुट अंदाजाने भरलं जातं. मी एकदा एका फाइलीत पाचव्या दिवशीचा बीपी १२० बाय ८० वाचला. तो पेशंट चौथ्या दिवशी पहाटे गेला होता, त्या ड्युटीला मी वॉर्डात होते. त्या मुलीला मी ओरडले नाही. तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, उद्या स्टाफ झाल्यावर घाईच्या रात्री असाच आकडा भरलास आणि त्यावर डॉक्टरांनी औषध ठरवलं तर? ती रडली, मलाही राहवलं नाही. उशिराची फाइल मी हजार वेळा घेईन. खोट्या आकड्याची वेळेवर आलेली फाइल मला नको.

त्यामुळे पुढच्या पोस्टिंगला पहिल्याच दिवशी दोन पेशंट धर, एक मुख्य आणि एक राखीव. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरना विचार की लवकर डिस्चार्ज होणार नाही असं कोण आहे. त्यांना ते कुणाहीपेक्षा नीट माहीत असतं. हिस्ट्री आणि फिजिकल असेसमेंट त्याच दिवशी, कॉटपाशी, खिशातल्या छोट्या वहीत. तिसऱ्या दिवसापर्यंत डायग्नोसिस लिहून मॅडमना पाच मिनिटं दाखव, अपुरे असले तरी. फाइल जमा करण्याआधी मॅडमचं बोट एकदा त्या पानावरून फिरलेलं असलं की नंतर २७ आणि ४१ चं कोडं बहुतेक वेळा पडतच नाही, कारण त्यांना काय हवंय ते तुला तिसऱ्याच दिवशी कळलेलं असतं. रात्री हॉस्टेलवर फक्त फेअर करायचं, आणि रूममेटशेजारी बसूनही आपापल्या पेशंटचं.

मॅडमकडे या आठवड्यातच जा. सेशनल जवळ आली की त्यांच्या टेबलावर गठ्ठे वाढतात आणि तुझ्या पाच मिनिटांना जागा उरत नाही.